कोल्हापूरची पूलफेरी : पश्चिमेला गगनबावडा, पूर्वेला नृसिंहवाडी

पूल आणि रस्त्यांची तब्येत बघत जायची ही दोन दिवसांची फेरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. पाऊस उघडलेला असतो, नद्या पात्रात परतलेल्या असतात, पण पुराच्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. कठड्याच्या गजात अडकलेला उसाचा पाला आणि खांबावरची गाळाची रेघ सहज दिसते. शिवाय कारखान्यांचे गाळप सुरू व्हायचे असते. एकदा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. मागचा दिवा बहुतेक वेळा नसतो, असला तरी पाल्यात झाकलेला असतो. तेव्हा पुलावर थांबून काही बघणे म्हणजे जिवाशी खेळ. जायचेच असेल तर सूर्य मावळायच्या आत परत या.

बरोबर पाच मीटरचा टेप, टॉर्च, खडू, अर्ध्या किलोची हातोडी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि गमबूट एवढे पुरते. गाडी लहान असावी, म्हणजे पुलाच्या अलीकडे साईडपट्टीच्या बाहेर उभी करता येते. पुलावर गाडी थांबवू नका.

सुरुवात शिवाजी पुलापासून. पंचगंगेवरचा हा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल शंभरी कधीच ओलांडून गेला आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस इथला कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. शेजारच्या नव्या पुलाचे काम पुरातत्त्व कायद्याच्या अडचणीत त्याआधीच कितीतरी वर्षे अडकून पडले होते, कारण ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित पुरातत्त्व स्थळ लागूनच आहे. हा उशीर जिव्हारी लागणारा आहे. जुना दगडी कठडा माणसाला अडवण्यासाठी बांधलेला असतो, बस अडवण्याची ताकद त्याच्यात नसते, हे तेव्हाही माहीत होते.

कमानीच्या पुलावर काय बघायचे, ते इथेच शिकून घ्यावे. नदीच्या घाटाच्या बाजूने खाली उतरा आणि कमानीच्या पोटाकडे टॉर्च मारा. पांढरे ओघळ दिसले तर वरचे पाणी भरावात मुरते आहे आणि दगडांमधला चुना धुऊन नेते आहे, असे समजावे. सांध्यात टेपचे टोक घालून बघा. दोन-तीन सेंटीमीटर आत गेले तर दरजा भरायची वेळ झाली. बोटाच्या लांबीएवढे गेले तर एखादा दगड निसटायला फार उशीर नाही. कडेच्या भिंतीलगत, रस्त्याच्या दिशेने जाणारी भेग म्हणजे भिंत कमानीपासून सुटू लागली आहे. कमानीच्या माथ्यावर आडवी भेग असेल तर ती त्याहून गंभीर. पिंपळ-उंबराचे रोप वरून छाटून काही होत नाही. मूळ आत जिवंत राहते आणि पुढच्या पावसात दगडाला आणखी रेटते.

आता वर येऊन कठड्याची उंची मोजा. पुन:पुन्हा डांबराचे थर चढवल्याने जुने कठडे बुटके होत जातात, हे डोळ्याला कळत नाही, टेपला कळते. दहा सेंटीमीटर थर चढला की कठडा तेवढाच खाली गेला आणि पुलावर दर चौरस मीटरला सुमारे सव्वादोनशे किलो वजन कायमचे वाढले. सात मीटर रुंद, पन्नास मीटर लांब पुलावर हा बोजा पाऊणशे टनांच्या पुढे जातो, आणि तोही एकही वाहन नसताना. म्हणून जुन्या पुलावर नवे डांबरीकरण करण्याआधी जुना थर खरवडून काढायलाच हवा.

रंकाळा, फुलेवाडी मागे टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागले की भोगावतीवरचा बालिंगा पूल येतो. हाही जुना, दगडी. पाणी चढले की खबरदारी म्हणून तो वाहतुकीला बंद करतात आणि पश्चिमेची गावे शहरापासून तुटतात. इथे पुलापेक्षा दोन्ही टोकांच्या जोडरस्त्यांकडे जास्त वेळ द्या. पूल आणि भराव जिथे भेटतात त्या सांध्यावर गुडघे टेकून बसा आणि टेप आडवा धरा. टेपखाली फट दिसली तर भराव खचला आहे. दर पावसाळ्यानंतर तिथेच पायरी होत असेल आणि दर वर्षी तिथेच डांबर टाकून ती बुजवली जात असेल, तर पुलाच्या टोकाच्या भिंतीमागची माती पाण्याबरोबर निघून चालली आहे. वरून डांबर टाकून हे थांबत नाही. भिंतीतली पाणी निघायची छिद्रे मोकळी करावी लागतात आणि मागे खडी-वाळूचा झिरपथर द्यावा लागतो. आपल्याकडे पूल शाबूत आणि रस्ता गायब, असे वारंवार होते ते याचमुळे.

पुढे कळे सोडल्यावर कुंभी नदी रस्त्याला खेटून चालते. लोंघे, किरवे, मांडुकली, शेणवडे हा पट्टा पुरात पाण्याखाली जाणारा. इथे पूल आणि मोऱ्या लहान आहेत. पाईपमोरीच्या तोंडाशी पाला, फांद्या, प्लास्टिक अडकले की पाणी रस्त्यावरून जाते आणि उताराकडची साईडपट्टी कापून नेते. डांबराची कड खाली पोकळ राहते. वरून ती धड दिसते, पण चाक गेले की तुटते. दुचाकीवाल्यांनी या पट्ट्यात कडेपासून किमान तीन फूट आत चालवावे. समोरून एसटी आली तर खाली उतरण्यापेक्षा थांबावे.

कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी २०२४ च्या जानेवारीपासून वर्षभराहून जास्त काळ बंद होता, तेव्हा निघण्याआधी दोन्ही घाटांची चौकशी करून निघा. ही फेरी घाटमाथ्यावरूनच मागे फिरली.

परतताना भोगावतीवरचा एखादा को.प. बंधारा बघावा, कोगे सोयीचे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाणी अडवण्यासाठी असतो, पण गावे त्याचा पूल म्हणूनच वापर करतात. दगडी खांबांना उभ्या खाचा असतात, त्यांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. वर एक गाडी जाईल एवढीच वाट. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो आणि तो मुद्दाम नसतो, कारण कठड्यात वाहून आलेले झाड अडकले की सगळा रेटा बंधाऱ्यावर येतो. पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस वर शेवाळ आणि चिकण गाळ राहतो. तेव्हा चालत जाऊन काठीने ठोकून बघा आणि मगच गाडी घाला. पाणी वाहत असेल तर अजिबात नको. वाहते पाणी वीतभर असले तरी माणसाचा पाय सुटतो आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते.

दुसरा दिवस पूर्वेचा. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पंचगंगेच्या पूरपट्ट्यातून भराव घालून नेला आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथे महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला. भराव काढून खांबांवरचा पूल करा, ही मागणी त्यामुळेच आहे आणि ती रास्त आहे, कारण पाण्याला जायला वाट नसेल तर ते वरच्या अंगाला तुंबणारच. सातारा-कागल सहापदरीकरणासाठी ठिकठिकाणी वाहतूक सेवारस्त्यावर वळवली आहे. खड्डे तिथे जास्त, म्हणून अर्धा तास वाढवून धरा.

इचलकरंजी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी हा पट्टा काळ्या जमिनीचा. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. रस्त्याच्या दिशेने लांबच लांब भेगा दिसतात, त्या याच्याच. खाली मुरमाचा जाड थर आणि दोन्ही बाजूंना उघडी गटारे नसतील तर डांबर कितीही चांगले टाकले तरी दोन पावसाळ्यांत उखडते. शेताला वाट करताना गटार बुजवले जाते, तिथे खड्डा आलाच म्हणून समजा.

या भागातल्या काँक्रिटच्या पुलांवर हातोडी कामाला येते. कठड्याला, हात पोचेल तिथे खांबाला हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतले काँक्रिट सुटले आहे आणि गज गंजून फुगला आहे. भेगेत व्हिजिटिंग कार्डाची कड शिरली तर जागा खडूने खूण करून फोटो घ्या. पुलाच्या कडेच्या पाणी निघायच्या नळ्या मातीने बुजलेल्या असतील तर तेही टिपा, गंज तिथूनच सुरू होतो. खांबाच्या पायाचे मात्र वरून कळत नाही. पुराच्या वेगात पायाभोवती खड्डा पडतो आणि पाणी ओसरताना तोच सैल गाळाने भरतो, तळ सपाट दिसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसांसह वाहून गेला, त्यानंतर तरी पाण्याखालच्या पायाची तपासणी कागदावर राहू नये.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी नकाशावरचे अंतर बाजूला ठेवून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघावी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या आतच कितीतरी बंधारे बुडालेले असतात. भोगावतीवरच्या राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. दरवाजे उघडल्याची बातमी आली की पश्चिमेचा बेत रद्द करा, पाणी कोल्हापूरपर्यंत यायला काही तास लागतात आणि तेवढ्यात माणूस पलीकडे अडकतो. नृसिंहवाडीला दक्षिणद्वाराच्या वेळी, म्हणजे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा, स्नानाला गर्दी होते, पण त्याच दिवसांत शिरोळचे रस्ते एकेक करून बंद होत असतात.

तक्रार करायची तर आधी किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, तिथे १०३३ ला फोन लागतो. हिरवा असेल तर राज्यमार्ग, अर्ज सार्वजनिक बांधकाम उपविभागाकडे. अर्जात दगडावरचा आकडा, तिथून पावलांनी मोजलेले अंतर, रस्त्याची बाजू आणि खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली लिहा, फोटोत टेप उघडा ठेवा. पोच घ्या आणि मे महिन्यात त्याच जागेवरून दुसरा फोटो काढून त्याच पोचेचा क्रमांक टाकून पुन्हा अर्ज द्या.