शुद्ध स्पॅनिश शिकवता ना?

मी स्पॅनिशचे वर्ग घेते. नवी बॅच सुरू व्हायच्या आधी पालकांचे फोन येतात. फी, वार, वेळ सगळं विचारून झालं की एक प्रश्न हमखास असतो : “मॅडम, तुम्ही शुद्ध स्पॅनिश शिकवता ना?” कधी तो “स्पेनचं की मेक्सिकोचं?” असा येतो, तर कधी “ओरिजिनल ना?” असा, हापूसची पेटी घेताना विचारतात त्या सुरात. एप्रिलमध्ये जरा जास्तच, कारण २३ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांचा स्पॅनिश भाषा दिवस. त्या आठवड्यात माझे जुने विद्यार्थी स्टेटसवर काहीबाही टाकतात आणि नव्यांची चौकशी वाढते. फोनवर मी “हो हो, काळजी करू नका” म्हणते आणि वेळ मारून नेते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते वर्ध्यापासून सुरू होतं.

मी वर्ध्याची. बारावीनंतर पुण्यात आले. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दारावर टकटक करून काय चाललंय विचारलं, मी आतून ओरडले, “जेवून राहिली!” खोलीभर हशा. पुढे महिनाभर जी ती मला “काय करून राहिली वं?” म्हणून चिडवायची. तेव्हा मी घरची भाषा जिभेवरून खरवडून काढली. आमच्या आजीकडे डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणतात, जवळ म्हणजे ‘जवय’. ते सगळं गेलं. दोन वर्षांत माझा ळ इतका टणक झाला की दिवाळीला घरी गेल्यावर आईच म्हणाली, “पुण्याची झाली वं तू.” ते कौतुक होतं की टोमणा, हे मी विचारलं नाही.

स्पॅनिशचा वर्ग लावला तो त्यानंतर. तिसऱ्या-चौथ्या तासाला फळ्यावर वाक्य आलं : ‘एस्तोय कोमिएन्दो’. बाकीच्यांनी वहीत ‘मी जेवत आहे’ लिहिलं. मला मात्र त्या वाक्याची शिवण दिसत होती. ‘एस्तार’ या क्रियापदाचं मूळ लॅटिनमधल्या ‘उभं असणं’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे एखाद्या क्रियेत माणूस थांबलाय, राहिलाय. जेवून राहिली! पुण्याच्या मराठीत बसवायला गेलं की वाक्य थोडं आवळतं, वऱ्हाडीत मापाचं बसतं. हे मी वर्गात बोलले नाही, एकदा हसू झालं होतं तेवढं पुरे होतं.

पुढच्या आठवड्यात रस्ता आला. स्पॅनिशमध्ये रस्त्याला जो शब्द आहे त्यात दोन एल जोडून येतात. जुना उच्चार साधारण ‘काल्ये’. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात, पाराग्वायमध्ये तो अजून ऐकू येतो. पण माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत आज बहुतेक लोक ‘काये’ म्हणतात. ल गळाला, य उरला. ब्युनोस आयर्समध्ये तर त्या ‘य’चाही ‘श’ झाला आणि रस्ता झाला ‘काशे’. आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, याला ‘येईस्मो’ म्हणतात, आणि पुढे गेल्या. मी मात्र तिथेच अडकले. आमच्या आजीचा ळ गळून य झाला तर तो गावंढळपणा, आणि यांचा ल गळून य झाला तर त्याला नाव, व्याख्या, परीक्षेत दोन मार्क!

आता ‘ओरिजिनल’चं. लोकांच्या मनात ओरिजिनल म्हणजे तो जिभेचं टोक दातांत धरून केलेला थ. ‘ग्राथ्यास’, म्हणजे धन्यवाद. कुणा बोबड्या राजाचं अनुकरण करता करता तो आला अशी एक गोष्ट सांगतात, ती निव्वळ थाप आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये स-सारख्या उच्चारांची उलथापालथ चालली होती. उत्तरेत आणि मध्यात त्यातून थ वेगळा झाला, दक्षिणेत सेव्हियाकडे बऱ्याच ठिकाणी सगळा स झाला. अमेरिकेकडे जाणारी जहाजं सेव्हियाहून सुटत, जाणाऱ्यांत अंदालुसियाची, म्हणजे त्याच दक्षिणेकडची, माणसं भरपूर. त्यामुळे आख्ख्या लॅटिन अमेरिकेत ‘ग्रास्यास’. वीस देशांची ही राजभाषा, मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे ५० कोटी, आणि त्यात स्पेनचे लोक दहातला एकसुद्धा नाहीत. एकट्या मेक्सिकोत १२ कोटींच्या वर माणसं. शुद्ध कोण ठरवणार?

ठरवणारी संस्था आहे म्हणा. माद्रिदची रॉयल अकादमी, १७१३ सालची. तिचं ब्रीदवाक्य ‘स्वच्छ करते, स्थिर करते, झळाळी देते’. साबणाची जाहिरात वाटते हा विनोद तिथलेच लोक करतात. आता मात्र ती एकटी ठरवत नाही. देशोदेशीच्या मिळून २३ अकादम्या बसतात आणि शब्दकोश सगळ्यांच्या नावाने निघतो. त्यात ‘ग्वाग्वा’ शब्द काढून बघा. क्युबात त्याचा अर्थ बस, चिलीत तान्हं बाळ. हवानात माणूस ग्वाग्वा पकडायला धावतो, हे वाक्य चिलीतल्या सांतियागोत जपून उच्चारावं. दोन्ही अर्थ कोशात आहेत, अशुद्धचा शिक्का कशावरच नाही.

माझं स्वतःचं पुस्तकी स्पॅनिश मोडलं ते मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात. गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी दुभाषी म्हणून सहा महिने तिथे होते. पहिल्या रविवारी बाजारात गेले. आपल्या आठवडी बाजारासारखाच, जमिनीवर ताडपत्री, वर निळं-गुलाबी कापड. त्याला ‘त्यांगिस’ म्हणतात, आणि तो शब्द स्पॅनिश नाहीच, नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेचा आहे. भाजीवाल्याने हाक मारली, “काय देऊ, ग्वेरिता?” ग्वेरिता म्हणजे गोरीबाई. मी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. सावळ्या, काळ्या, कुठल्याही बाईला तिथले भाजीवाले गोरीबाईच म्हणतात हे नंतर कळलं. मी माद्रिदच्या पुस्तकातला शब्द काढला, ‘पतातास’. तो हसला. “पापास, ग्वेरिता, पापास.” स्पॅनिश बोलणाऱ्या पूर्ण लॅटिन अमेरिकेत बटाटा म्हणजे ‘पापा’, केचुआ भाषेतला शब्द. आपण पोर्तुगीजांकडून ‘बटाटा’ घेतला, पण अर्जेंटिनात ‘बताता’ मागाल तर हातात रताळं पडेल. आणि खरं तर त्या शब्दाचा मूळ अर्थ रताळंच. घोळ वाटेत कुठेतरी झाला.

त्याच्या शेजारी एक म्हातारी अॅव्होकाडो घेऊन बसली होती. माझ्याशी स्पॅनिश आणि मांडीशी बसलेल्या नातीशी नाहुआत्ल. तिचं स्पॅनिश खडबडीत होतं, पण तिच्या टोपलीतल्या फळाचं स्पॅनिश नाव, ‘आग्वाकाते’, तिच्या भाषेतून गेलेलं. स्पॅनिशचं पहिलं मोठं व्याकरण १४९२ साली आलं, कोलंबस निघाला त्याच वर्षी. ते लिहिणाऱ्या नेब्रिहाने स्पेनच्या राणीला उद्देशून स्वच्छ लिहून ठेवलंय की भाषा नेहमीच साम्राज्याची सोबतीण होती. भाषा दिवसाच्या पोस्टरवर हे वाक्य कुणी छापत नाही. मी वर्गात सांगते.

कारखान्यात वेगळा धडा मिळाला. तिथला तंत्रज्ञ म्हणायचा, “आओरिता.” आत्ताच. सोबतचे जर्मन इंजिनिअर घड्याळ बघत उभे राहायचे. मी खुर्ची ओढून बसायचे. ‘आलोच’ म्हणणाऱ्यांत वाढलेल्या माणसाला आओरिता समजावून सांगावं लागत नाही.

एका सुट्टीत मेक्सिको सिटीला गेले, शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतली मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं बघायला. त्यात एक चित्र आहे, ‘आमची भाकरी’. टेबलाभोवती माणसं आणि मधोमध एक जण पाव मोडून वाटतोय. तो चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. आमच्या वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, देश सोडावा लागला, हिंडत हिंडत १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या, शेवटी नागपूरला परतले आणि १९६७ साली गेले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसला. शाळेत असताना हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. चित्राखाली उभी राहून आईला फोन लावला. तिकडे रात्र. ती म्हणाली, “एवढ्या रात्री काय करून राहिली वं?” मी म्हटलं, “आपल्या गावचा माणूस पाहून राहिली.” शेजारी उभ्या गाईडने विचारलं, ही कुठली भाषा? मी हिंदी नाही, मराठी म्हटलं. मग जरा थांबून म्हटलं, वऱ्हाडी.

तर कालच एका बाबांचा फोन होता. मुलीला शुद्धच हवंय, पुढे परदेशात जायचंय. मी त्यांना म्हटलं, शनिवारी सकाळी दहाला पाठवा. पुस्तक माद्रिदचं आहे, उच्चार माझे पुएब्लाचे, आणि ‘एस्तोय कोमिएन्दो’ मी वर्ध्याच्या हिशोबाने शिकवते. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “ट्रायल लेक्चर फ्री असतं ना?”