तुम्ही विचारलंत म्हणून: आठवणी हसऱ्या का?

‘लेखनाच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्यात, पण सगळीकडे हसूच आहे. तुम्हाला कुणी त्रास दिलाच नाही का?’ पुस्तक आल्यापासून हा प्रश्न पुण्यात टिळक रोडवर महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या कार्यक्रमात येतो, मंडईत येतो, बँकेच्या रांगेतही येतो. माझ्या कादंबऱ्या वाचलेल्यांना तर तो जास्तच पडतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्रास झाला. एका प्रकाशकांनी वर्षानुवर्षं रॉयल्टी दिली नाही. मागायला गेलं की चहा मागवायचे, माझ्याच कादंबरीच्या प्रतींचा गठ्ठा बांधून हातात द्यायचे आणि रिक्षापर्यंत सोडायला यायचे. हे प्रकरण रागात लिहिता आलं असतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा ठरला असता. पण रागाला फक्त बुडालेले पैसे दिसतात. सुतळीला मारलेली ती दुहेरी गाठ, ‘बाई, जड आहे हो, बेतानं’ हे बजावणं, पावसात स्वतः भिजत गठ्ठ्यावर धरलेली छत्री, हे काही त्यात आलं नसतं. हसत लिहिलं म्हणून तो माणूस अख्खा आला. आणि त्यांनी पैसे दिले नाहीत, हेही वाचणाऱ्याच्या पक्कं लक्षात राहिलं.

ही वाट मला लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आलं. त्याची सुरुवात होते ती सत्तावनच्या बंडापासून आणि आजोबांच्या फाशीपासून. त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागतं. घरात येईल ती वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा! वाचताना हसू आवरत नाही, आणि हसता हसताच कळतं की त्या धुतल्या जाणाऱ्या मिठामागे एक फाशी आहे. लक्ष्मीबाई कुठेही थांबून ‘आता हे दुःखाचं’ म्हणून सांगत नाहीत. मराठीत आठवणी लिहायला बसणाऱ्या प्रत्येकानं ती पहिली पानं आधी वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याला तर हसण्याचं वावडं कधीच नव्हतं. १९२३ साली इथे रविकिरण मंडळ जमलं. चहा घेत एकमेकांना कविता ऐकवणारी ती मंडळी. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांची यथेच्छ विडंबनं केली. म्हणून मंडळाचे कवी काही पुसले गेले नाहीत. मंडळातल्या माधव जूलियनांचं, म्हणजे माधवराव पटवर्धनांचं, नाव आज परिषदेच्या सभागृहाला आहे.

पण मला खरं लिहायचं होतं ते छापखान्यातल्या माणसांबद्दल. त्यांच्यावर कुणी गौरवग्रंथ काढत नाही.

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळघरात माझी पहिली कादंबरी खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांवर, जुळली. ते खिळे जुळवणारे आमचे जुळारी उभ्यानं काम करायचे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या खणांवरून फिरतोय, नजर माझ्या हस्तलिखितावर. माझ्या नायकाचं नाव गोपाळ आणि आडनाव काळे. एक दिवस त्यांनी निरोप धाडून मला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘बाई, ‘ळ’ संपले.’ छोटा छापखाना, एकेका अक्षराचे खिळे मोजकेच. फर्मा छापून मोकळा होईपर्यंत, म्हणजे सोळा पानं मशीनवरून उतरून त्यांचे खिळे पुन्हा खणांत पडेपर्यंत, पुढचं काम अडलेलं. मग अगदी कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘गोपाळरावांना दोनचार पानं बाहेरगावी पाठवता येईल का?’

मी पाठवलं. गोपाळ मिरजेला बहिणीकडे गेला आणि घरात त्याच्या बायकोला पहिल्यांदा एकटं बोलायला जागा मिळाली. त्या कादंबरीतलं लोकांना सर्वांत आवडणारं प्रकरण ते हेच. उलटी अक्षरं वाचत दिवसभर उभा राहणारा तो माणूस माझा पहिला वाचक होता आणि पहिला संपादकही. ही हकीकत मी गंभीरपणे लिहिली असती तर तिचं ‘मुद्रणकलेचे योगदान’ झालं असतं. त्या माणसाला ते शोभलं नसतं आणि मलाही.

दुसरा प्रश्न याच्या पाठोपाठच येतो: ‘लोक दुखावले नाहीत?’ नाव मी एकाचंही घातलेलं नाही. कुणाच्या आजारपणावर, गरिबीवर किंवा रूपावर एक ओळ नाही. हसू यावं ते माणूस जे करतो त्यावर, आणि जो माणूस आपल्याला आवडतो त्याच्यावरच, हा माझा नियम. मनातून उतरलेल्या लोकांना या पुस्तकात जागाच दिलेली नाही.

तरी माणसं ओळखली जातातच. त्या प्रकाशकांच्या मुलीचा परवा फोन आला. म्हणाली, ‘मावशी, बाबा अगदी असेच होते. पण एक राहिलं. गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक प्रत उघडून पानं उलटीसुलटी लागली नाहीत ना, ते बघायचे. तुमच्या प्रती दुकानातल्यांना बांधू द्यायचे नाहीत.’ दुसरी आवृत्ती निघतेय. सुतळीच्या गाठीच्या अगोदर हे घालते आहे.