56 दिवस, तीन खेळ आणि एक आडनाव

या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी मैदानावरची ती खेळाडूंच्या नोंदींची काळी वही आठवली की अजून डोकं तापतं. म्हणून लिहून काढतेय. इंग्लंडमध्ये राहून एअरसॉफ्ट, म्हणजे नकली बंदुकांनी लुटुपुटूच्या लढाईचा खेळ, खेळायला लागलेल्या आपल्यातल्या कुणाचे तरी दोन आठवडे यामुळे वाचले तर बरं.

मला हवं होतं ब्राउनिंग हाय-पॉवरचं गॅस ब्लोबॅक (गॅसच्या जोरावर चालणारं) पिस्तूल. खरं नव्हे, एअरसॉफ्टचं, 6 मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी मारणारं. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आपल्या फौजेत ज्याला 9 एमएम पिस्तूल 1ए म्हणतात, इशापूरच्या कारखान्यात बनलेलं, ते हेच हाय-पॉवर. आबांनी घरी हत्यार आणण्याचा प्रश्नच नव्हता, पण जेवता जेवता ते कसं खोलायचं हे ते बोटांनी करून दाखवायचे. 2024 च्या दिवाळीला ते पहिल्यांदा माझ्याकडे येणार होते आणि 24 नोव्हेंबरला त्यांचं परतीचं विमान होतं. त्याच्या आत ते त्यांच्या हातात द्यायचं, एवढंच मनात होतं. साताऱ्याला घेऊन जायचा विचार मी केला नाही, तुम्हीही करू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते. हुबेहूब दिसणारी नकली बंदूक विकणं इथे 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे, अंमल 1 ऑक्टोबर 2007 पासून. सूट मोजक्यांना: संग्रहालयं, नाटक-सिनेमावाले, जुन्या लढायांचे देखावे करणारे आणि विमा उतरवलेल्या मैदानावर एअरसॉफ्ट खेळणारे. समोरचा खरंच खेळतो का, हे दुकानदाराला कळावं म्हणून त्यांच्या संघटनेने एक नोंदणी चालवली आहे, तिला सगळे युकारा म्हणतात. वय 18 पूर्ण, नोंदणीतल्या मैदानावर तीन खेळ आणि पहिल्या-तिसऱ्या खेळात किमान 56 दिवस. नंबर वर्षभर चालतो. नंबर नसेल तर अर्ध्याहून जास्त भाग भडक निळा किंवा नारिंगी असलेलं घ्यायचं. आबांच्या हातात मला निळं पिस्तूल द्यायचं नव्हतं.

तीन खेळ मी अगदी मोजून खेळले. 15 सप्टेंबर, 6 ऑक्टोबर, 10 नोव्हेंबर. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत बरोबर 56 दिवस. हॉस्पिटलमधल्या एक्स-रे विभागाच्या शिफ्ट त्यासाठी तीनदा बदलून घेतल्या. 10 नोव्हेंबरला आबाही जंगलातल्या त्या मैदानावर आले होते. तो इथला हुतात्म्यांच्या स्मरणाचा रविवार. 11 वाजता मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या पंचाने, शिट्टी मारून खेळ थांबवला, सगळे दोन मिनिटं चिखलात उभे राहिले. आबा कुंपणाबाहेर सावधानमध्ये उभे होते.

संध्याकाळी फॉर्मवर सही घ्यायला टेबलाशी गेले. तिथल्या माणसाने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, तुमच्या दोनच नोंदी आहेत. पहिली 6 ऑक्टोबरची. तिथून 56 दिवस म्हणजे 1 डिसेंबर, तेव्हा या.

15 सप्टेंबरला चौघांचं बुकिंग मैत्रिणीने तिच्या कार्डावरून केलं होतं. वहीत तिचं नाव आणि पुढे ‘अधिक 3’. त्या तीनमध्ये मी. दिवसभर खेळले, गुडघा फोडून घेतला, दुपारचा बर्गर खाल्ला आणि कागदोपत्री मी तिथे नव्हतेच!

हे आधी सांगायला हवं होतं: कुणीही बुकिंग करू दे, सकाळी टेबलापाशी जाऊन स्वतःचं पूर्ण नाव वहीत लिहून घ्या आणि तारखेसकट पानाचा फोटो काढा.

पुढचा आठवडा वाईट गेला. मैदान फक्त रविवारी उघडं. फोन वाजत राहायचा. मी चार मेल पाठवल्या, त्यांना 15 तारखेचे फोटो जोडले, मैत्रिणीकडून पैसे भरल्याची पावती घेतली. गुरुवारी एका ओळीचं उत्तर आलं: फोटो चालत नाहीत, वही बघितली जाते. मी रडकुंडीला आले होते. नियमाला माझा विरोध नव्हता. मी तो पाळला होता, आणि नेमकं तेच कुणी ऐकून घेत नव्हतं.

रात्री आबा स्वयंपाकघरात बसून विचारायचे, "हे ब्लोबॅक ब्लोबॅक काय म्हणतेस?" मी कागदावर काढून दाखवलं. खऱ्या ब्लोबॅकमध्ये गोळी सुटते तेव्हा काडतुसाचं टरफल मागे रेटलं जातं आणि तेच बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला, मागे ढकलतं. आबांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली. "म्हणजे आमची कारबाईन, ती आखूड बंदूक. तिला कुलूप नसतं, पोरी. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, बास. कॉक केली की बोल्ट मागेच राहतो. ट्रिगर दाबला की पुढे जाताना राउंड घेऊन जातो, फायर होतो, परत मागे." त्यांनी डाव्या बाजूला आडवं मॅगझिन काढलं आणि खाली लिहिलं ‘चालवाले पुर्जे’, म्हणजे हलणारे भाग. ही कानपूरची 1ए कारबाईन, मूळची इथल्याच स्टर्लिंगची.

हाय-पॉवर मात्र ब्लोबॅक नाही. 9 एमएमचा जोर मोठा, तेव्हा नुसत्या वजनावर भागवायचं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फारच जड करावी लागेल. म्हणून नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. थोडं अंतर दोघी बरोबर मागे येतात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकून सुटतो. ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराने सुरू केलेलं हे काम त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या सैव्हने पुरं केलं आणि 1935 मध्ये पिस्तूल बाजारात आलं. एअरसॉफ्टमध्ये बारूद नाही, टरफलही नाही. गॅस मॅगझिनमध्ये असतो. हॅमरने व्हॉल्व्ह उघडला की गॅस आधी पुढे जाऊन गोळी ढकलतो, लगेच आतली छोटी झडप सरकते आणि उरलेला गॅस स्लाइडला मागे फेकतो. मूळ पिस्तूल कुठल्याही पद्धतीचं असो, त्याची गॅसवाली नक्कल चालते ती अशी.

रविवारी, 17 तारखेला, आम्ही दोघं परत गेलो. मी पावती, फोटो, मेल सगळं छापून नेलं होतं. टेबलावरच्या माणसाने कागद न वाचताच बाजूला ठेवले. मग मला आठवलं, खेळण्याआधी प्रत्येकाकडून जबाबदारीच्या फॉर्मवर सही घेतात, कुणाच्याही बुकिंगवर आला तरी. विम्यासाठी ते फॉर्म ठेवावेच लागतात. मी म्हटलं, ती फाइल काढा. तो नाखुशीने उठला. फाइल आडनावाप्रमाणे लावलेली. गायकवाड म्हणून इंग्रजी ‘जी’ अक्षराखाली बघितलं. नाही. परत बघितलं. नाही.

आबांना इंग्रजी बोलायला जमत नाही, पण चाललंय काय ते त्यांना कळत होतं. त्यांनी मला विचारलं, "नाव कसं लिहिलं होतंस?" मी म्हटलं, "पूर्ण. माझं, तुमचं, आडनाव." ते म्हणाले, "कंपनीत पोरांची कागदं हरवायची ना, ती निम्म्या वेळा बापाच्या नावाखाली सापडायची. एस बघायला सांग."

एसखालचा दुसराच कागद माझा निघाला. 15 सप्टेंबर, माझी सही, माझ्या अक्षरात ‘संपतराव’. मधलं नाव त्यांनी आडनाव धरलं होतं आणि ‘गायकवाड’ पुढच्या रकान्यात गेलं होतं.

त्या माणसाने माफी मागितली नाही. तारीख बघितली, वहीत ‘अधिक 3’ शेजारी माझं नाव लिहिलं आणि फॉर्मवर शिक्का मारला. बुधवारी दुकानाकडून नंबर आला, शनिवारी 23 तारखेला जाऊन पिस्तूल आणलं. इथे काहीच अडलं नाही. दुकानदाराने नंबर, आडनाव आणि पत्ता ताडून बघितला, पाच मिनिटांत बिल केलं. फॉर्मवर पत्ता असेल तसाच द्या, घर बदललं तर आधी कळवा. आणि घरी नेताना बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. रस्त्यात कुणाला दिसलं तर पोलिसांना ते खरंच वाटणार.

गॅसचंही सांगते. ग्रीन गॅस म्हणजे सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन, आणि प्रोपेनला थंडी चालत नाही. 20 अंशाला त्याचा दाब 8 बारच्या वर असतो, 0 अंशाला 5 च्या खाली येतो. नोव्हेंबरच्या जंगलात स्लाइड अर्ध्यातून परत येते आणि नवीन खेळाडूला वाटतं पिस्तूल बिघडलं. मॅगझिन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. भरताना मॅगझिन आणि डबा दोन्ही उलटे धरा. घरी ठेवताना थोडा गॅस आत राहू द्या, नाहीतर रबरी सील सुकतात.

त्या रात्री आबांची बॅग भरून झाली होती. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून चेंबर बघितलं, परत बोट घालून बघितलं. खऱ्या हत्यारासारखंच. मग सेफ्टीचा खटका स्लाइडच्या खाचेत अडकवला, उजव्या बाजूने पिन दाबली आणि स्लाइड हातात घेतली. चष्मा वर सरकवून आत बघितलं. आतल्या प्लॅस्टिकच्या नॉझलला करंगळीने ढकललं, ते स्प्रिंगवर परत आलं.

"याला कुलूप नाही," ते म्हणाले.

"नाही. गॅसच ढकलतो."

"मग ही पिस्तुलाच्या अंगातली कारबाईन आहे."

त्यांनी ते न बघता परत जोडलं. मग मला म्हणाले, "आता तू खोल. मी घड्याळ लावतो."