घंटा बघायला गेलो आणि भिंतीपाशीच थांबलो

भाच्याला शाळेचं प्रोजेक्ट होतं आणि ताईला सुट्टी नव्हती, म्हणजे मामा आहेच रिकामटेकडा, मग काय, शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढली आणि फिलाडेल्फिया गाठलं.

इंडिपेन्डन्स हॉल बघून खरं सांगू तर मी जरा हिरमुसलोच. एवढीशी खोली, हिरवे टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या. 4 जुलै 1776 ला इथेच अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते आणि त्याने मसुद्यात गुलामांच्या व्यापारावरून इंग्लंडच्या राजाला झापलं होतं तो अख्खा परिच्छेद तिथल्या काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेने, उडवला!

लिबर्टी बेलकडे, म्हणजे त्या प्रसिद्ध घंटेकडे, जाताना आधी पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या, वॉशिंग्टनच्या घराची जागा लागते, छप्पर नाही, अर्ध्यामुर्ध्या भिंती. एका दगडी भिंतीवर त्याने इथे ठेवलेल्या नऊ गुलामांची नावं कोरलीयेत. पेन्सिल्वेनियाचा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला की स्वातंत्र्य मागू शकतो, म्हणून हा माणूस मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. "मामा, हे तर चीटिंग!" भाचा एवढ्या मोठ्याने ओरडला की लोक बघायला लागले. शेजारचे एक आजोबा मात्र कुरकुरत होते, देशाचा वाढदिवस साजरा करायच्या जागी हे कशाला. हा वाद जुनाच, 2002 पासून भांडण चाललं तेव्हा कुठे 2010 मध्ये हे स्मारक उघडलं.

आणि गंमत म्हणजे 'लिबर्टी बेल' हे नाव पॉप्युलर केलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी, 1830 च्या दशकात. त्याच चळवळीतल्या अमेरिकन लोकांना आपल्या जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं होतं, हे मी भाच्याला सांगितलं तर म्हणे पुण्यात बसून? हो बाबा, पुण्यात बसून.

त्या नऊ जणांतली ओनी जज 1796 मध्ये घरातली मंडळी जेवत असताना निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला, वॉशिंग्टनने माणसं पाठवली तरी आली नाही.

गाडीत बसल्यावर भाच्याने विचारलं, "मग तिला पेपर्स कधी मिळाले?" घरी ग्रीन कार्डचं पुराण रोज चालतं ना, शब्द तिथलाच.

नाही मिळाले. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याने ती पळून गेलेली गुलामच होती.