अंगणातल्या डुगडुगणाऱ्या फरश्या: अकरापैकी सात बसल्या

पाऊस पडून गेला की मागच्या अंगणातली एक फरशी हमखास दगा द्यायची. पाय ठेवला की सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी, थेट पोटरीवर. घरातल्या सगळ्यांनी ती ओलांडून जायची सवय लावून घेतली होती. पाहुण्यांना ती सवय नसते. त्यांचे कपडे खराब झाल्यावर मी मनावर घेतलं.

आधी सगळ्या फरश्या ठोकून पाहिल्या. हातोडीचा लाकडी दांडा, प्रत्येक फरशीच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर. खाली माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) भरीव असेल तर टणक ‘टक्’ येतो, पोकळ असेल तर ‘ढब’. पोकळ निघेल तिच्यावर खडूने फुली. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. एका फरशीवरून मी पुढे सरकले तर मान वर न करता म्हणाले, “ती पोकळ आहे गं.” पुन्हा ठोकली. पोकळच होती. डुगडुगत होत्या चारच, फुल्या झाल्या अकरा.

फरश्या दगडी, ४५ बाय ४५ सेंटीमीटर, जाडी ४. एकेक साधारण २० किलोची. सांध्यातला जुना माल छिन्नीने मोकळा करायचा आणि पहारीचं टोक घालून हळूच उचकटायचं. पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, तो मी पहिल्याच फरशीला ठेवला नाही आणि शेजारच्या फरशीचा कोपरा उडवला. काढलेल्या प्रत्येक फरशीच्या पाठीवर आकडा आणि घराच्या दिशेने बाण काढून ठेवला. सगळ्या सारख्या दिसत असल्या तरी परत बसवताना एकीचीही जागा बदलली की सांधे जुळत नाहीत.

खाली काय निघालं ते बघण्यासारखं होतं. प्रत्येक फरशीखाली मालाचे पाच गोळे: चार कोपऱ्यांना, एक मध्ये. बाकी सगळी हवा. त्या पोकळीत मुंग्यांनी बोगदे केलेले आणि झाडाची मुळं घुसलेली. चिळकांडीवाल्या फरशीखाली तर मूठ मावेल एवढा खड्डा होता. गच्चीचा पाइप बरोबर तिथेच रिकामा होतो, त्या पाण्याने खालची वाळू धुऊन नेलेली. म्हणजे फरशी कितीही पक्की बसवली असती तरी पुन्हा तेच झालं असतं. पहिला अख्खा शनिवार पाइपाला एल्बो लावून पाणी थेट गटारात सोडण्यात गेला. फरशीला त्या दिवशी हातही लागला नाही.

गोळ्यांवर फरशी बसवायचा मोह मला कळतो. ठोकली की गोळा दबतो, पातळी पटकन मिळते, मालही कमी लागतो. पण सगळं वजन पाच ठिकाणी येतं, मधल्या पोकळीत पाणी साचून दगडावर डाग उमटतात आणि एखाद्या दिवशी जड कुंडी कोपऱ्यावर ठेवली की फरशी तडकते. मी तरी यापुढे पूर्ण थरच घालणार.

पाया: भुसभुशीत माती घट्ट थर लागेपर्यंत काढली. खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळून सात-आठ सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडून धुम्मस, म्हणजे जड ठोकणं, मारलं. खड्डा एकदम भरून वरून ठोकला तर वरचंच दबतं.

माल १:४, सिमेंट आणि जाड वाळू. पाणी बेताने. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी सुटता कामा नये. थर ४ सेंटीमीटर, शिवाय वर पाच-सहा मिलिमीटर चढा, कारण ठोकल्यावर बसतो. फरशीची पाठ धुऊन, ओली असतानाच तिच्यावर साईइतकी घट्ट सिमेंटची स्लरी ब्रशने लावली आणि ती सुकायच्या आत फरशी ठेवली. मग रबरी हातोडा, मधून कडेकडे. हातमोजे घालाच. पहिल्या दिवशी मी घातले नव्हते, ओल्या सिमेंटने बोटांची टोकं फुटली ती अजून भरलेली नाहीत.

आता माझा मूर्खपणा. तिसरी फरशी बसली, लेव्हलचा (पातळी बघायच्या पट्टीचा) बुडबुडा अगदी मधोमध, मी खूश. मग लक्षात आलं की अंगणात बुडबुडा मधोमध म्हणजे डबकं! घरापासून बाहेर ढाळ हवा, ८० ला १, म्हणजे मीटरला सव्वा सेंटीमीटर. फरशी लगेच उपसली. ओल्या मालावर ती अशी चिकटते की दोघांनी मिळून सोडवावी लागली. सगळा माल खरवडून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून ६० सेंटीमीटरच्या लेव्हलखाली, उताराकडच्या टोकाला, साडेसात मिलिमीटरची चकती चिकटवून ठेवली आहे. आता बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर. सूत बांधलेलं असलं तरी प्रत्येक फरशीला हे तपासते.

सात बसल्या. दोन दिवस त्यांच्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. सांधे एक सेंटीमीटरचे ठेवले आहेत, ते अजून भरलेले नाहीत. उरलेल्या चारांपैकी एक चेंबरच्या झाकणापाशी कापावी लागेल. दगडाची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून पाणी सोडतच कापणार, मास्क लावून.

काल बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी छान वाहत गेलं, फक्त सहाव्या फरशीच्या कडेला बशीएवढं थांबलं. बाबा म्हणतात, राहू दे, वाळेल. मी खडूने तिच्यावर पुन्हा फुली मारली आहे.