माती दिलेला हुप्प्या

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, हुप्प्या मेल्याचा निरोप आमच्यापर्यंत पोचला, तोवर त्याला माती देऊन झाली होती. चौघांनी गोणपाटावर घालून देवळामागच्या पिंपळापर्यंत नेलं, लाल फडकं घातलं, नारळ ठेवला. वानर उघड्यावर टाकायचं नाही ही गावची रीत, आणि मला ती मनापासून पटते.

पण माकडतापाच्या, म्हणजे गोचिडी चावून माणसाला होणाऱ्या विषाणूच्या तापाच्या, दिवसांत वानर पडतं ती जागा फार महत्त्वाची. अंग थंड पडू लागलं की गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पाचोळ्यात शिरतात. वाटेत गोणपाटातूनही गळत जातात. फॉर्मवर मात्र 'मृत्यूचे ठिकाण' हा एकच रकाना. धुरळणीच्या पथकाने त्यात पिंपळ लिहिला, पुरलेल्या जागेभोवती ५० मीटर मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पूड मारली आणि गेले. काम नियमाप्रमाणे झालं, जागा चुकली.

आम्ही खड्डा उकरला. मेंदू पाण्यासारखा झालेला. यकृत, प्लीहा, फुप्फुस मिळेल तेवढं घेऊन तिहेरी वेष्टनात, बर्फात, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवलं. अंगावर एक गोचीड नाही. ताज्या वानराच्या कानाची कड, काख, जांघ विंचरली की त्या सापडतातच. अहवाल 'निगेटिव्ह' आला. कुजलेल्या नमुन्याच्या निगेटिव्हवर वानर माकडतापाने मेलं नाही असं म्हणता येत नाही, पण फाईल त्यावरच बंद झाली.

भाटात वानर पडलं होतं त्या मूळ झाडाखाली दव सुकल्यावर पांढरं फ्लॅनेल पाचोळ्यावरून ओढलं. ओल्या कापडाला गोचीड धरत नाही. दर काही पावलांनी उलटून पाहायचं. खसखशीएवढी पिल्लं चिकटलेली मिळाली. माणसाला चावतात ती प्रामुख्याने हीच, मोठी गोचीड नव्हे. चिमट्याने उचलून ओलसर कागदाच्या बोळ्यासह कुपीत जिवंत ठेवली. पूड तिथे त्यानंतर पडली.

आणि तिथेच ते गोणपाट दिसलं. झटकून पुन्हा झाडाखाली अंथरलेलं, वर बोंडू, म्हणजे काजूची फळं. दोघी बायका त्यावर बसून बिया पिळून काढत होत्या. त्यांना उठवून ते जाळलं.

वानर उचलणाऱ्या चौघांची नावं आरोग्य केंद्राने लगेच घेतली. चावल्यापासून ताप साधारण ३ ते ८ दिवसांत येतो, म्हणून त्यांच्याकडे रोज फेरी. त्या दोघी यादीत नव्हत्या. त्यांनी वानराला हातही लावला नव्हता म्हणे. पण २०१५ मध्ये सत्तरीतल्याच पाली गावात हा ताप आला तो मुख्यतः काजू वेचणाऱ्यांमध्ये. त्या दोघींची नावं हट्टाने घालून घेतली. आसपासच्या भाटांत त्याच पाचोळ्यात आणखी कोण कोण बसलं होतं, ते मात्र कुणी विचारलेलं नाही.