पाऊस वाजत येतो, बर्फ न सांगता

इथे स्वित्झर्लंडमध्ये काल पहाटे पाचला जाग आली आणि कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. आमच्या खिडकीखाली दगडी हौद आहे, त्यात रात्रंदिवस नळाची धार पडत असते. त्या धारेचा आवाजसुद्धा लांबून, गोधडीआडून आल्यासारखा येत होता. खिडकी उघडली. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात सावरीचा कापूस उडावा तसं काहीतरी हळूहळू खाली येत होतं. या हिवाळ्यातला पहिला बर्फ!

भारतात तेव्हा साडेनऊ वाजले असणार, साडेचार तासांचा फरक. लगेच आमच्या गावी, बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला, आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, एवढा पडलाय आणि तुला कळलं नाही?"

खरंच नाही कळलं. आमच्याकडे मृगाचा पाऊस काय असा येतो? आधी वारा, मग चोर्ला घाटाच्या बाजूने काळोख, मग कौलांवर ताशा. चार दिवसांनी घरात एकमेकांशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आमच्या गावात वाढलेल्या माणसाला आभाळातून पडणारी गोष्ट वाजतच येणार असं वाटतं. बर्फाचं उलटं आहे. तो स्वतः वाजत नाहीच, शिवाय बाकीचे आवाजही गिळतो. ताज्या बर्फाच्या कणांमध्ये हवा भरलेली असते, आवाज त्या पोकळ्यांत शिरतो आणि तिथेच विरतो. हे मला तीन वर्षांपूर्वी इथल्या आजींनी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं. काल पुन्हा खिडकीत उभी राहून ऐकलं. गावात माणसं आहेत, गोठ्यात गाई आहेत, आणि कशाचाच आवाज नाही.

मी राहते ते गाव ग्वार्दा. स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, इन नदीच्या खोऱ्यात, उतारावरच्या एका सपाटीवर वसलेलं. उंची १६५३ मीटर. आमच्या कणकुंबीत मलप्रभा उगम पावते ते ठिकाण ७९२ मीटरवर आहे, म्हणजे ग्वार्दा दुपटीहून जास्त उंच. घरं बरीचशी १७ व्या शतकातली. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता येतं. बाहेरून चुन्याच्या गिलाव्यावर खरवडून काढलेली नक्षी असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, कुणीतरी भिंतीवर रांगोळी घातलीय आणि ती पुसायची विसरलेत.

आईला दुसरीच काळजी. "गारा पडल्या तर आपली कौलं फुटतात, तिथं छपरं राहतात व्हय?" राहतात. पण त्यासाठी गाव दोन महिने राबलेलं असतं. मला इथे सगळ्यात आपलं वाटतं ते हेच. आपल्याकडे मे महिन्यात कौलं परतायची, लाकडं आणि गोवऱ्या पडवीत रचायच्या, पापड-सांडगे डब्यात, मिरची-मीठ भरून ठेवायचं. पावसाळ्याची बेगमी. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तेच चालू असतं. भिंतीला टेकवून सरपणाची चळत, एकेक ओंडका असा बसवलेला की मधून बोट जाणार नाही. गवत कधीच गोठ्यावर चढलेलं. गाडीची चाकं बदललेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ठोकलेल्या, म्हणजे बर्फ साचल्यावर रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते ते कळावं. पहिल्या वर्षी या काठ्या बघून मला वाटलं होतं, जत्रेची तयारी असावी.

उजाडायच्या आत फावडं घेऊन खाली उतरले. आजी आधीच दारात. वय ८१, पण मला हात लावू देतील तर शपथ. बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा, हे त्यांनीच शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात मी घमेल्याने माती टाकावी तसा बर्फ उचलत बसले होते आणि चार दिवस कंबर धरून होते. शून्याच्या आसपास पडलेला बर्फ ओला असतो, भिजलेल्या कणकेसारखा जड. काल सुरुवातीला तसाच होता, एकेक कण दुसऱ्याला चिकटून मोठे पुंजके पडत होते. मग थंडी वाढली आणि बारीक, सुटा पडायला लागला.

तेव्हाच एक कण माझ्या काळ्या कोटाच्या बाहीवर येऊन बसला. श्वास धरून बघितला. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक काटे, नथीच्या कामाहूनही नाजूक. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनातच जोडले जातात, म्हणून सहाच. शाळेत हे वाचलं असेन, पण बाहीवर बघितल्यावरच पटलं. मग माझ्याच श्वासाने तो गेला. एक ओला ठिपका राहिला.

इथली भाषा रोमांश. बर्फाला म्हणतात नाइव. बोलणारे उणेपुरे ६०,००० लोक, पण १९३८ साली देशभर मतदान होऊन ती राष्ट्रभाषा ठरली, जर्मन, फ्रेंच, इटालियनच्या जोडीला. आजी घरात रोमांश बोलतात, माझ्याशी आणि ऑफिसात जर्मन. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, बाजारात जे चालेल ते आणि घाट उतरला की कोकणी, अशात वाढलेल्या मला याचं नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. भाषा बदलताना माणूस बदलत नाही, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही.

आठ वाजता पोरं शाळेला निघाली. एरवी पाय ओढत जाणारी, काल तोंडं आ करून, जिभा बाहेर काढून. पहिल्या पावसात आम्ही अंगणात हेच करायचो आणि आज्जी आतून ओरडायची.

दुपारी आईचा पुन्हा व्हिडिओ कॉल. शेजारची पोरंही जमली होती, त्यांना बर्फ जवळून बघायचा होता. घरून आणलेला पितळी तांब्या होता, तो अंगणातून काठोकाठ भरून आणला, दाबून नव्हे, सैलसर. तो कॅमेऱ्यासमोर ठेवून आम्ही बोलत बसलो. आप्पांनी विचारलं, शेकोटी पेटवता काय. भाचीने विचारलं, गोळ्यासारखा रंग घालून खाता येतो काय. बोलता बोलता बर्फ बसला आणि शेवटी तळाला जेमतेम दोन बोटं पाणी उरलं. ताज्या बर्फात नव्वद टक्के हवाच.

"एवढंच?" आई म्हणाली. मग म्हणाली, "सांडू नको. तुळशीला घाल."

तुळस इथे टिकली नाही, दोनदा लावून बघितली. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी आहे. पाण्याचा गारठा मोडेपर्यंत थांबले आणि तिला घातलं.